एक घंगाळ पाणी

"जवसर पोर अंगावर पिता, तवसर तू मिरचेक हात लावू नको हां, बाय," अंबिकानं सुनेला बजावलं होतं.

शिमगा सरला होता. मुंबईतल्या घोडपदेवच्या एका चाळीच्या गच्चीवर जुनी लुगडी अंथरली होती आणि त्यांच्यावर बेडगी नि संकेश्वरी मिरच्या ऊन खात पडल्या होत्या. अंबिका दर उन्हाळ्यात लोकांना वर्षाचा मसाला करून द्यायची. माझगाव, परळ, पार दादरपर्यंतची गिऱ्हाइकं बांधलेली. मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायची, धणे-दगडफूल-नागकेशर भाजायचं आणि सगळं लालबागच्या डंकावर नेऊन कुटून आणायचं. आभाळ भरून यायच्या आत हे उरकलं पाहिजे. मिरची एकदा मऊ पडली की तिला बुरशी धरते आणि गिऱ्हाईक तोंड फिरवतं. त्यात त्या वर्षी अंबिकाचे गुडघे नारळाएवढे सुजलेले.

म्हणून पूर्वीनं सासूचं बोलणं हसण्यावारी नेलं. "आई, हात धुतले की झालं. किती घाबरता हो तुम्ही!"

अंबिका तिच्याकडं बघत राहिली. घाबरणारं माणूस कोण, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लेक नूपुर झोपली की पूर्वी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. पोरीला शिंक आली तरी खिडकी लावायची, आणि खिडकी लावल्यावर घुसमटेल म्हणून परत उघडायची. बीकॉम झालेली, लग्नाआधी परळच्या एका विम्याच्या कचेरीत काम केलेली मुलगी. तिथं तिनं कधी आकडा चुकवला नव्हता. पोरीच्या बाबतीतही आकडा चुकायला नको, एवढंच तिचं म्हणणं. पण घरात सासू गुडघे धरून मिरच्या खुडतेय आणि आपण पोर मांडीवर घेऊन बसलोय, हेही तिला बघवेना. ती गॅलरीत सुपाशी बसली.

समोर शेजारची मालन बसायची. साठीची, विधवा, मूळची नगरकडची. एका मोठ्या इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती, आता घरीच असायची. मालनबाई ख्रिस्ती. रविवारी पांढरी साडी नेसून भायखळ्याच्या मराठी चर्चमध्ये जायची आणि बाकीचे दिवस ज्याच्या घरी काम पडलं असेल त्याच्या घरी. देठ खुडताना तिची बोटं चालायची आणि तोंडही.

"पूर्वे, तुझं देठ बघ, निम्मं मिरचीलाच राहतंय. अगं, मान मोडायची तिची. दया दाखवू नकोस."

"मला जमत नाही कुणाची मान मोडायला."

"म्हणून तर नवऱ्याला अजून एसीच्या पाइपवर लोंबकळायला पाठवतेस," मालन म्हणाली आणि अंबिकासुद्धा कढईशी खुदकन हसली. निलेश एसी दुरुस्त करायचा. उन्हाळ्यात त्याला घरी जेवायला फुरसत नसे.

तेवढ्यात आत नूपुर रडली. पूर्वी उठली. चाळीतल्या रीतीप्रमाणं आधी हाताला खोबरेल चोळलं, मग साबण, मग पुन्हा साबण. नखं घासली. हात नाकाला लावून बघितले. स्वच्छ. मग पोरीला घेतलं. उकाड्यानं पोरीचा चेहरा घामानं चिंब झाला होता. पूर्वीनं ओढणीचं टोक घेतलं आणि तिचे डोळे टिपले.

त्याच ओढणीनं ती सकाळपासून स्वतःचं नाक पुसत होती. मिरचीच्या हातांनी.

जो आवाज त्या आठ महिन्यांच्या पोरीच्या तोंडून निघाला, तो पूर्वीनं आयुष्यात ऐकला नव्हता. मालन सूप लाथाडून आत आली. पोरीला आडवी धरली, तांब्यानं डोळ्यांवर पाण्याची धार धरली. "ओत, अजून ओत. थांबू नकोस." मग तशाच ओल्या पोरीला घेऊन दोघी नाक्यावरच्या डॉक्टरकडं धावल्या. डॉक्टरनं डोळे धुतले, थेंब दिले, म्हणाला, "घाबरू नका, डोळ्याला काही झालेलं नाही. बाहेरून लाल झालंय, उतरेल." आणि ते उतरलंही. नूपुर परत टाळ्या वाजवायला लागली, कावळ्याला हाका मारायला लागली.

पूर्वीचं मात्र उतरलं नाही.

तिनं ओढणी केरात टाकली. पण हात कुठं टाकणार? पोरीला घ्यायच्या आधी ती हात धुवायची, घेतलं की वाटायचं राहिलंय काहीतरी, मग पोरीला खाली ठेवून परत धुवायची. गुन्हा ओढणीचा, हातांचा नव्हे, हे तिला माहीत होतं. माहीत असून उपयोग नव्हता. आधी पोरीला घेताना ती हाताला टॉवेल गुंडाळायला लागली. मग पाजताना अंबिकाला म्हणायला लागली, "तुम्ही धरा, मी नुसती बसते." मग एक दिवस अंगावर पाजणंच थांबलं. पोर वाटी-चमच्यावर आलं. छाती दगडासारखी भरायची, कुर्ता ओला व्हायचा आणि पूर्वी मोरीत उकिडवी बसून हात धूत राहायची.

चाळीला पाणी सकाळी येतं. त्या पाण्यावर दिवस काढायचा. मोरीतलं निळं पिंप, खाली नळ बसवलेलं, अंबिका काठोकाठ भरून ठेवायची आणि दुपार टळायच्या आत ते तळाला जायचं.

"गो बाय, हातांका काय गंगेक घालतंस?" अंबिका आधी थट्टेनं म्हणाली. मग रागानं म्हणाली. मग बोलेनाशी झाली. सुनेचे हात तिला बघवेनात. बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या, मनगटापर्यंत कातडं पांढरं, भिजल्या कागदासारखं. तशा हाताला साबण लागला की पूर्वीच्या डोळ्यात पाणी यायचं. तरी ती धुवायची.

गॅलरीत कुजबूज सुरू झाली. "अंबिकाची सून बघितली? लागीर झालंय म्हणे." सीमा नावाची एक शेजारीण तर तोंडावर बोलली, "पोरीला हात नाय लावत, आणि म्हणे शिकलेली!" पूर्वीनं ऐकलं आणि बादली उचलून आत गेली. अंबिकानं कणकवलीला भावाला फोन करून देवासमोर गाऱ्हाणं घालायला सांगितलं. भावानं नारळ ठेवला. काही दिवस वाट बघितली. पिंप तसंच रितं.

शेवटी निलेश चिडला. तो वाईट माणूस नव्हता. दिवसभर लोकांच्या भिंतींवर लटकून आलेला, अंगाला गॅसचा नि घामाचा वास, आणि घरी आंघोळीला पाणी नाही.

"पूर्वी, नूपुर बरी झाली ना? डॉक्टर बोलला ना? मग काय आहे तुझं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? अरे, कुणाला सांगू मी हे?"

त्यानं पिशवीतून पाना काढला, पिंपाचं झाकण आवळलं, त्याच्या नळाची चावी खोलली आणि खिशात घातली. कामावर जाताना घेऊन गेला. घरात नळ असून नळ नाही. पूर्वी मोरीच्या उंबऱ्यावर बसली आणि त्या चावी नसलेल्या नळाकडं बघत राहिली. मग उठली, देव्हाऱ्याशेजारी ठेवलेल्या पिण्याच्या हंड्यातून तांब्या भरला आणि त्यावर हात धुतले. अंबिकानं ते बघितलं. ओरडायला तोंड उघडलं, पण तोंडातून रडूच आलं. सासू कढईशी रडतेय, सून मोरीत रडतेय, आणि मध्ये लादीवर बसलेली नूपुर दोघींकडं आळीपाळीनं बघत हसतेय, की हा कुठला नवा खेळ?

तेव्हा दार वाजलं. मालन होती. हातात खोबरेलची बाटली.

"भिंतीपलीकडं मला नळ ऐकू येतो," ती म्हणाली. "इतके दिवस ऐकतेय. आज आवाज बंद झाला, तेव्हा भीती वाटली."

तिनं कुणाला काही विचारलं नाही. गुडघ्यांवर हात ठेवत मोरीच्या उंबऱ्यावर पूर्वीशेजारी बसली, तिचे हात आपल्या मांडीवर ओढले आणि तेल लावायला सुरुवात केली. भेगांवरून तिचं बोट हलकं जायचं, जसं नव्या बाळाच्या टाळूवरून जातं. पूर्वी हात ओढून घ्यायला लागली.

"नको. मालनमावशी, तुम्हाला लागेल."

"काय लागेल?"

"माझ्या हाताला... आहे अजून."

"असू दे. मी वॉर्डात काय काय धुतलंय, सांगू? तुझी मिरची माझं काय करते?" ती तेल चोळत राहिली. "माझा नवरा दारू पिऊन यायचा आणि दार तोडायचा. मेला तो. मेला तरी मी रोज कडी बघायचे. लावली, परत बघितली. अंथरुणावर पडले, परत उठले. मेलेला माणूस दार तोडत नाही, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण हात ऐकत नव्हते."

पूर्वीनं पहिल्यांदा मान वर केली. "मग?"

"मग एकदा प्रार्थनेला बसले आणि म्हणाले, येशूबापा, मी थकले. आजपासून कडी तू बघ. मी झोपते."

"आणि चोर आला असता तर?"

"आला असेल बाई. मी झोपले होते."

पूर्वीला हसू आलं. ते इतक्या दिवसांनी आलं की ते हसू आहे की हुंदका, हे अंबिकालाही बाहेरून कळेना.

"तुझ्यासाठी प्रार्थना करू का?" मालननं विचारलं.

"मी ख्रिश्चन नाही, मावशी."

"मी कुठं तसं विचारलं?"

मालननं डोळे मिटले. पूर्वीला वाटलं होतं काहीतरी मोठं, संस्कृतासारखं असेल. पण मालन बोलत होती, जसं उंबऱ्यावर बसलेल्या माणसाशी बोलावं. "बापा, ही पोर दिवसरात्र पहारा करतेय. हिचे डोळे बघ, कसे झालेत. तू जागा आहेस, हे हिला सांग. हिला जरा निजू दे. आमेन." एवढंच. उठताना ती म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर इस्पितळात चल. तिथं मनाच्या आजाराची डॉक्टरीण आहे, मी ओळखते. औषधाला लाजायचं नाही. देव काही फक्त माझ्याच तोंडून काम करत नाही."

त्या दुपारी पूर्वी लादीवरच आडवी झाली आणि झोपली. नूपुर तिच्या पायाशी खेळत होती. पूर्वीनं श्वास बघायला उठून बोट धरलं नाही.

डॉक्टरीणबाईनं शांतपणे सगळं ऐकलं, गोळ्या दिल्या, म्हणाली बाळंतपणानंतर असं पुष्कळ बायकांना होतं. सोबत आलेल्या निलेशनं ते कान देऊन ऐकलं. घरी आल्यावर त्यानं खिशातून नळाची चावी काढली आणि जागेवर बसवली. मग पाठमोराच म्हणाला, "सॉरी यार."

औषधानं हळूहळू भीतीची धार बोथट झाली. पण पूर्वीला मालनचा तो शब्द सुटेना: तू जागा आहेस. आपल्याखेरीज दुसरं कोणी जागं असू शकतं, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ती मालनकडं जाऊन बसायला लागली. देठं खुडायला नव्हे, सुपापासून ती अजून लांबच होती. नुसतं ऐकायला. मालन बायबलातल्या गोष्टी शेजारच्या घरातल्या असाव्यात तशा सांगायची.

"आणि मग येशू कंबरेला पंचा बांधून खाली बसला, शिष्यांचे पाय धुवायला. सगळ्यांचा गुरू बरं का! त्यातला पेत्र म्हणाला, तुम्ही माझे पाय धुवायचे नाहीत. हा म्हणाला, मग तुझं नि माझं नातं नाही. तर पेत्र लगेच म्हणतो, मग नुसते पाय का, हात धुवा, डोकं पण धुवा! तुझ्यासारखाच होता."

"मग येशू काय म्हणाला?"

"म्हणाला, अरे, आंघोळ झालेल्या माणसाला परत परत धुवायची गरज नसते. तू स्वच्छ आहेस."

पूर्वीनं आपले तळहात उलटसुलट करून बघितले. मग म्हणाली, "मावशी, मला तुमच्या चर्चमध्ये न्याल?"

त्यावरून गॅलरीत वाजलं.

"मालनबाय, माझ्या सुनेक बाटवतास काय?" अंबिका पदर खोचून उभी राहिली. हातातल्या कालथ्यावरून भाजलेल्या खसखशीचा वास येत होता.

"बाटवायचं असतं तर तुम्हाला सांगून नेलं असतं का? तुम्ही पण चला. बाकं मोकळी असतात."

"मी नाय येवचंय."

"आई," पूर्वी म्हणाली, "मला तिथं बरं वाटेल असं वाटतंय. तुमच्या देवाला मी काही बोलत नाही."

अंबिका सुनेच्या हातांकडं बघत राहिली. भेगा मिटत आल्या होत्या. ती आत वळली. मग दारातूनच, एकदम बारीक आवाजात म्हणाली, "परत येतलंस मा?"

तेव्हा पूर्वीला कळलं की सासूला भीती देवाची नव्हती. आपली सून हरवेल, याची होती. "मी कुठं जाणार, आई? नूपुरला सांभाळा. येतेच."

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाचा गुरुवार होता तो. चर्चचे पंखे जुने, उकाडा तसाच. पेटी आणि टाळांवर भजन चाललं होतं. पूर्वीला वाटलं, हे तर आपल्याचसारखं. मग पाळकांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, झगा काढून ठेवला, बाह्या वर केल्या, कंबरेला टॉवेल बांधला. समोर एक तांब्याचं घंगाळ आणून ठेवलं, कुणीतरी नगरकडच्या घरातून दिलेलं, एका बाजूला पोचा आलेला. पाळक खाली बसून एकेकाचे पाय धुवायला लागले. त्या चर्चची रीत अशी की ज्याचे पाय धुतले, त्यानं उठून पुढच्याचे धुवायचे. पाळकांचा असो की शिपायाचा, पाय तो पाय.

मालननं पूर्वीला खुर्चीवर बसवलं. एका अनोळखी बाईनं तिचे पाय पाण्यात घेतले. घोडपदेवची धूळ, गच्चीवरचा कचरा, सगळं. पूर्वीला इतकी लाज वाटली की ती पाय मागं ओढणार होती, पण पेत्राची गोष्ट आठवली आणि ती तशीच बसली.

मग त्या बाईनं टॉवेल पूर्वीच्या हातात दिला आणि खुर्चीवर मालन येऊन बसली.

पूर्वी गुडघ्यांवर बसली. समोर मालनचे पाय, टाचांना भेगा, एक नख काळं पडलेलं. आणि आपले हात. तिचे हात हवेतच थांबले. इथं नळ नव्हता, साबण नव्हता. घंगाळातलं पाणी तेवढंच, कितीतरी पायांनी गढूळ झालेलं. मागं रांग थांबली होती. पेटीवाला तीच ओळ परत वाजवायला लागला.

"मावशी, मला नाही जमणार."

"मला घाई नाही," मालन म्हणाली. "गुडघे तुझे दुखतील, माझे नाही."

पूर्वीनं डोळे मिटले. तिला प्रार्थना येत नव्हती. मालन बोलायची तसं ती मनातल्या मनात बोलली: हे हात तू बघ. मी थकले. माझ्या पोरीवर तू लक्ष ठेव, मी एकटी नाही ठेवू शकत. शब्द संपले. उत्तर काही ऐकू आलं नाही. पण छातीत इतके दिवस मूठ आवळल्यासारखं जे होतं, ते कुणीतरी एकेक बोट धरून सोडवावं तसं सैल व्हायला लागलं. तिनं हात पाण्यात घातले आणि मालनची टाच हातात घेतली. टाच खरखरीत होती, ऊबदार होती. तिनं ती धुतली. दोन्ही पाय धुतले, बोटांच्या बेचक्यांतून पाणी सोडलं, टॉवेलनं टिपले. मालन ओरडली नाही. कुणालाही काही झालं नाही.

मालनचे डोळे मात्र भरले होते. "मिरची लागली," ती म्हणाली, आणि दोघी भर चर्चमध्ये तोंड दाबून हसल्या.

घरी पोचल्या तेव्हा दिवेलागण होत होती. निलेश कामावरच होता. अंबिका खाली बसून मिरच्या तेलावर परतत होती. खोलीभर ठसका उठला होता, हात कोपरापर्यंत लाल. दार ओढून घेतलेल्या आतल्या खोलीत नूपुर कळवळून रडत होती.

"बरी इलंस!" अंबिका खोकत ओरडली. "माझे हात बघ कसे आसत. घे गो तिका!"

पूर्वी मोरीत गेली. पिंप अर्धं भरलेलं होतं. तिनं नळ सोडला, हात धुतले, साबण लावला, पाणी घेतलं.

कालथा कढईत थांबला. अंबिका पाठमोरीच बसली होती, पण तिचा सगळा जीव कानात आला होता. कितीतरी दिवस ती या नळाचा आवाज ऐकत होती.

नळ बंद झाला.

अंबिकानं वाट बघितली. तो परत सुटला नाही. आतल्या खोलीचं दार उघडलं आणि पोरीचं रडणं एकदम तुटलं, जसं आईच्या खांद्याला तोंड लागल्यावरच तुटतं. मिरची करपायला लागली तेव्हा कुठं अंबिकानं कालथा हलवला. पदरानं डोळे पुसायला जाणार होती, पण आपला पदर मिरचीचा आहे, हे तिला वेळेवर आठवलं. तिनं डोळे तसेच वाहू दिले.

आत नूपुरनं आईचं बोट पकडलं होतं आणि ते थेट तोंडात घातलं होतं. पूर्वीची नजर मोरीकडं गेली. पण तिनं बोट ओढून घेतलं नाही. पोरगी बोट चोखत होती, दोन नव्या दातांनी कुरतडत होती आणि वर बघून हसत होती.

एका दिवसात सगळं बदललं, असं नाही. मधूनच नळाशी पाय अडखळायचे. गोळ्या चालू राहिल्या. पण अडखळलं की पूर्वी मोरीच्या उंबऱ्यावर बसायची आणि म्हणायची, बापा, तू जागा आहेस ना? मग उठायची. रविवारी ती मालनबरोबर चर्चला जाते, मांडीवर नूपुर. आपला येशू तिनं घरात कुणावर लादला नाही आणि कुणापासून लपवलाही नाही. अंबिका देव्हाऱ्यात दिवा लावते. एकदा वातीला तूप घालता घालता ती म्हणाली, "तुझ्या देवाक माझो नमस्कार सांग. म्हण, पिंप भरलेला ऱ्हवता आमचा." यंदाच्या उन्हाळ्यात पूर्वी पुन्हा सुपाशी बसली. मान मोडायला अजून तिला नीट जमत नाही. देठ निम्मं राहतंच.

तुमच्याकडं तिचं एकच मागणं आहे. तुमच्या भिंतीपलीकडं कुणी बाळंतीण असेल, नुकती आई झालेली असेल, आणि तिचा नळ फार वेळ वाहत असेल, किंवा रोज वाहणारा नळ एकदम बंद झाला असेल, तर पाण्याची तक्रार मागाहून करा. आधी दार वाजवा. हातात तेलाची बाटली असली तर बरं, नसली तरी चालेल. जाऊन नुसतं उंबऱ्यावर बसा. आजच जा.